माउस ज्याचा त्याच्या हाती



मोबाईलवर खेळ खेळायला तुमच्यापैकी बहुतेकांना आवडते. गाडी पळवणे, चेंडू अडवणे, उड्या मारत नाणी गोळा करणे, असे कितीतरी खेळ तुम्ही खेळता. घरातील मोठी माणसे त्यावरून रागावतातही. "सारखा खेळ! अभ्यास कधी करणार?" हे शब्द तुमच्या ओळखीचे असतील. त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. पण खेळ खेळणे वेगळे आणि खेळ तयार करणे वेगळे. दुकानातून पतंग विकत आणणारा मुलगा फक्त पतंग उडवतो. कामट्या तासून, कागद चिकटवून स्वतः पतंग बनवणाऱ्याला मात्र पतंग का उडतो आणि का गोता खातो, हेही कळते. संगणकावरील खेळांचे तसेच आहे.

असे खेळ तयार करणारी मुले आता अनेक शाळांत दिसतात. एकाला थोडे येऊ लागले की दुसरा त्याच्याकडे मदत मागायला येतो. ही मदत कशी करावी, याविषयी आज मला तुमच्याशी बोलायचे आहे. माझे मत थोडक्यात असे आहे : मदत अवश्य करा, पण दुसऱ्याच्या हातातला माउस काढून घेऊ नका.

आधी या साधनांची थोडी ओळख करून घेऊ. मुलांना संगणकाला आज्ञा देता याव्यात, म्हणून १९६७ साली अमेरिकेत 'लोगो' नावाची संगणक-भाषा तयार झाली. सेमूर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयर्झाइग ही ती घडवणारी प्रमुख माणसे. "पुढे जा", "उजवीकडे वळ" अशा सोप्या आज्ञा देऊन मुले पडद्यावरच्या कासवाकडून चित्रे काढून घेत. मुलांसाठीच्या साधनाचा उंबरठा ठेंगणा आणि छत उंच असावे, असे पेपर्ट मानत. म्हणजे लहान मुलालाही सहज आत शिरता यावे आणि शिकत शिकत त्याला खूप उंचही जाता यावे.

पुढे १९९९ साली मार्क ओव्हरमार्स या डच प्राध्यापकांनी 'गेममेकर' तयार केले. संगणकाची अवघड भाषा न येणाऱ्यालाही त्यावर खेळ तयार करता येऊ लागला. २००७ साली 'स्क्रॅच' सर्वांसाठी खुले झाले. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत मिचेल रेझनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तयार केले. ते मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याला पैसे पडत नाहीत. एकदा संगणकावर उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही ते चालते. आपल्याकडे आयआयटी मुंबईतील प्राध्यापक श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांसाठी 'कॉम्प्युटर मस्ती' ही पुस्तके तयार केली. त्यांतही स्क्रॅचचा उपयोग केलेला आहे.

स्क्रॅचमध्ये आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. प्रत्येक आज्ञेचा एक रंगीत ठोकळा असतो. ठोकळ्याला ठोकळा जोडत गेले की आज्ञांची माळ तयार होते. हिरव्या झेंड्यावर क्लिक केले की संगणक त्या आज्ञा वरून खाली, एकामागून एक पाळतो. शब्दलेखनाची चूक होण्याची भीती राहत नाही. पण विचाराची चूक मात्र होऊ शकते. खरे शिक्षण तेथूनच सुरू होते.

एक उदाहरण घेऊ. आपल्या लोणावळ्याचा पाऊस तुम्हांला सांगायला नको. भुशी धरण भरून पायऱ्यांवरून पाणी वाहू लागले की पुण्या-मुंबईचे लोक ते पाहायला येतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरात मात्र त्याच वेळी गळणाऱ्या छपराखाली पातेली मांडण्याची धावपळ चालू असते. समजा, तुमच्या एका मित्राने यावरच खेळ बनवायचे ठरवले. वरून पाण्याचे थेंब पडतात. खाली एक पातेले आहे. बाणाच्या कळा दाबून ते डावीकडे-उजवीकडे सरकवायचे. थेंब पातेल्यात पडला की एक गुण. किती छान कल्पना आहे! हा खेळ कोणत्याही दुकानात मिळणार नाही. तो लोणावळ्यातल्या मुलालाच सुचू शकतो.

मित्राने पातेल्याचे चित्र काढले, थेंब काढला, ठोकळे जोडले. थेंब पडू लागला. जमिनीला टेकला की पुन्हा वर जाऊन पडू लागला. पण तो पातेल्यातून सरळ आरपार जातो आणि गुण शून्यच राहतात! मित्राने दहा वेळा खेळ चालवून पाहिला. शेवटी तो तुमच्याकडे आला आणि म्हणाला, "अरे, जरा बघ ना, हे चालतच नाही."

आता तुम्ही दोन गोष्टी करू शकता.

पहिली गोष्ट सोपी आहे. "सरक, मी करून देतो," असे म्हणून तुम्ही खुर्चीवर बसता. माउस हातात घेता. तुम्हांला चूक लगेच दिसते. चार ठोकळे इकडचे तिकडे करता आणि म्हणता, "झालं, बघ." खेळ चालू लागतो. मित्र खूश होतो. तुम्हांलाही आपण हुशार असल्याचा आनंद होतो. सगळे काम दोन मिनिटांत संपते. पण मित्राला काय कळले? आपल्याला हे येत नाही आणि तुम्हांला येते, एवढेच. उद्या दुसरी अडचण आली की तो पुन्हा तुमच्याकडे येईल. परवा तुम्ही भेटला नाहीत, तर खेळ अर्धवट सोडून देईल.

दुसरी गोष्ट थोडी सावकाश होते. तुम्ही त्याच्या शेजारी बसता. हात मांडीवर ठेवता आणि विचारता, "तुला काय व्हायला हवं होतं?" तो सांगतो, "थेंब पातेल्याला लागला की एक गुण वाढायला हवा." तुम्ही विचारता, "आणि काय होतंय?" तो म्हणतो, "गुण वाढतच नाहीत." मग तुम्ही विचारता, "थेंब पातेल्याला लागला का, हे संगणक कधी बघतो? ठोकळ्यांवर बोट ठेवून वरपासून वाच पाहू."

तो बोट ठेवून वाचू लागतो. हिरवा झेंडा. मग "जर थेंब पातेल्याला लागला असेल, तर गुण एकने वाढव." त्याच्याखाली "सतत" हा ठोकळा आणि त्याच्या पोटात "थेंब खाली सरकव." वाचता वाचता त्याचे बोट थांबते. "अरे! हे तर संगणक सुरुवातीला एकदाच बघतो. तेव्हा थेंब वरच असतो!" तो स्वतःच "जर" चा ठोकळा उचलतो आणि "सतत" च्या पोटात ठेवतो. झेंड्यावर क्लिक करतो. गुण वाढतात.

गंमत पुढेच आहे. आता एका थेंबाला एक गुण मिळण्याऐवजी एकदम सहा-सात गुण मिळू लागतात. या वेळी तो तुमच्याकडे पाहतही नाही. पुन्हा बोट ठेवून वाचतो. थेंब पातेल्यातून खाली जाईपर्यंत "सतत" च्या अनेक फेऱ्या होतात. स्क्रॅचमध्ये एका सेकंदात अशा सुमारे ३० फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत संगणक पुन्हा एक गुण देतो, हे त्याच्या लक्षात येते. मग गुण वाढवल्याबरोबर थेंबाला वर पाठवण्याची आज्ञा तो जोडतो. खेळ पुन्हा सुरू केला की मागचेच गुण दिसतात, तेव्हा सुरुवातीला गुण शून्य करायला हवेत, हेही त्याला सुचते. पहिली चूक शोधायला तुम्ही तीन प्रश्न विचारले. दुसरी आणि तिसरी चूक त्याने एकट्याने शोधली.

मित्रांनो, यालाच मी मदत म्हणते. पहिल्या प्रकारात तुम्ही खेळ दुरुस्त केला. दुसऱ्या प्रकारात खेळ दुरुस्त करणारा एक माणूस तयार झाला.

उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. हाच शब्द मराठीतही आहे, पण मराठीत तालीम म्हणजे कुस्तीच्या सरावाची जागा. उर्दूतला 'उस्ताद' मराठीत 'वस्ताद' झाला आणि तालमीत जाऊन उभा राहिला. गावच्या जत्रेत किंवा उरुसात तुम्ही कुस्त्या पाहिल्या असतील. पठ्ठ्या आखाड्यात झुंजत असतो आणि वस्ताद कडेला उभा राहून ओरडत असतो, "पट काढ! मान सांभाळ!" पठ्ठ्या कितीही अडचणीत आला, तरी वस्ताद आखाड्यात उतरून त्याच्या वतीने कुस्ती खेळत नाही. खेळला, तर ती कुस्ती पठ्ठ्याची राहणारच नाही. दोन्ही भाषांतला हा एक शब्द आपल्याला हेच शिकवतो. ज्याची कुस्ती त्यानेच खेळायची. वस्तादाचे काम नजर ठेवण्याचे आणि योग्य वेळी योग्य शब्द सांगण्याचे.

यावर काही जण म्हणतील, "बाई, हे बोलायला ठीक आहे. पण शाळेत संगणक थोडे, मुले जास्त आणि तासिका लहान. प्रत्येकाला असे प्रश्न विचारत बसलो, तर वेळ कसा पुरणार?" ही अडचण खरी आहे. पण थोडा हिशोब करून पाहा. दर वेळी एकट्याच हुशार मुलाने सर्वांचे खेळ दुरुस्त केले, तर वर्षाच्या शेवटीही वर्गात दुरुस्ती करणारा एकच राहील. त्याने दोघांना शोधायला शिकवले, तर मदत करणारे तिघे होतील. पुढे ते दोघे आणखी चौघांना शिकवतील. सुरुवातीला गेलेला वेळ असा परत मिळतो. शिवाय विचार करायला संगणक लागतोच असे नाही. खेळाचा आराखडा वहीत काढता येतो. ठोकळे कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून बाकावर मांडता येतात. संगणकाची पाळी येईपर्यंत निम्मे काम झालेले असते.

दुसरेही एक म्हणणे विचार करण्यासारखे आहे. काही मुले लवकर निराश होतात. त्यांना प्रश्नावर प्रश्न विचारले, तर ती खेळच सोडून देतील. हेही खरे आहे. म्हणून मदत करणाऱ्याने एक फरक ओळखायला हवा. काही गोष्टी विचार करून सापडत नाहीत, त्या माहीतच असाव्या लागतात. एखादा ठोकळा कोठे मिळतो, फाइल कशी साठवावी, पडद्यावर डावे-उजवे कसे मोजतात, या गोष्टी सरळ सांगून टाकाव्यात. स्क्रॅचचा पडदा ४८० एकक रुंद आणि ३६० एकक उंच असतो आणि मोजणी मध्यबिंदूपासून सुरू होते, हे कोणाला विचार करून कसे कळणार? तेथे कोडी घालू नयेत. पण ज्या गोष्टी विचाराने सापडतात, त्या मात्र मित्राच्या विचारासाठी ठेवाव्यात. तो फारच अडला, तर एक पायरी दाखवावी. सगळा जिना चढून देऊ नये.

मदत करणाऱ्याने आणखी एक पथ्य पाळावे. कोणाच्याही पहिल्या खेळाला हसू नये. त्याचे पातेले वाकडे असेल, थेंब बटाट्यासारखा दिसत असेल. तुमचा पहिला खेळही तसाच होता. आधी त्यातली चांगली गोष्ट सांगा, मग उणीव सांगा. आणि संगणकाच्या खोलीत एकदा मागे वळून पाहा. खुर्चीवर कोण बसले आहे आणि मागे उभे राहून नुसते कोण पाहत आहे? अनेकदा मुलगे पुढे असतात आणि मुली मागे. शांत मुले तर दारापाशीच राहतात. पाहून पाहून माउस धरता येत नाही. ज्याची कल्पना, त्याच्या हाती माउस, हा नियम सर्वांना सारखाच लागू करा.

मदत मागणाऱ्याचीही काही जबाबदारी आहे. "चालत नाही" एवढेच सांगणे म्हणजे डॉक्टरांना "बरे वाटत नाही" एवढेच सांगण्यासारखे आहे. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, हे सांगितले, तरच औषध मिळते. म्हणून मदत मागण्यापूर्वी वहीत तीन वाक्ये लिहा. मला काय व्हायला हवे होते? प्रत्यक्षात काय झाले? मी आतापर्यंत काय करून पाहिले? ती उर्दूत लिहा किंवा मराठीत लिहा. शेजारच्या मराठी शाळेतला मित्र मदत करणार असेल, तर मराठीत लिहा. तेवढीच मराठीची तालीमही होईल. पुष्कळदा तिसरे वाक्य लिहीत असतानाच उत्तर सापडते आणि मदत मागण्याची गरजच उरत नाही.

दुसऱ्याचे काम पाहून शिकण्याविषयीही बोलले पाहिजे. स्क्रॅचच्या संकेतस्थळावर जगभरच्या मुलांनी आपले खेळ ठेवले आहेत. कोणताही खेळ उघडून त्याच्या आतले ठोकळे पाहता येतात. त्यात बदल करून आपला नवा खेळ करण्याचीही परवानगी असते. त्यातली एक अट अशी, की मूळ कोणाच्या कामावरून हा खेळ केला, ते नाव राहिले पाहिजे. ही अट मला फार आवडते. घेणे वाईट नाही, घेतल्याचे लपवणे वाईट. दुसऱ्याचे ठोकळे ही आपल्याकडे आलेली अमानत आहे. तिचा उपयोग करा आणि मालकाचे नाव सांगा. मात्र तुम्ही स्वतः इंटरनेटवर खेळ ठेवाल, तेव्हा आपले पूर्ण नाव, पत्ता किंवा फोन नंबर तेथे लिहू नका. एखादे टोपणनाव पुरेसे असते.

विद्या अशी पुढे देण्याची परंपरा आपल्या मावळात नवी नाही. लोणावळ्याहून लोकलने पुण्याकडे जाताना तळेगाव लागते. तेथे १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभारलेला हा फंड होता. देशात उद्योग वाढावेत, हा त्यामागचा हेतू. त्या कारखान्याची जबाबदारी ईश्वरदास वार्ष्णेय यांनी घेतली. काचेची विद्या शिकण्यासाठी ते परदेशी गेले होते आणि अमेरिकेत त्याच एमआयटीमध्ये शिकले होते, जेथे पुढे स्क्रॅच तयार झाले. तळेगावच्या कारखान्यात काच तर तयार झालीच, पण काच करणारी माणसेही तयार झाली. तेथे शिकलेले कारागीर देशात इतर ठिकाणी गेले आणि तेथील काच कारखान्यांत कामाला लागले. तापलेल्या काचेचा गोळा नळीवर घेऊन फुंकण्याचे काम दुसऱ्याच्या श्वासाने शिकता येत नाही. नळी शिकणाऱ्याच्याच हातात द्यावी लागते.

आज तर संगणकच संगणकाच्या आज्ञा लिहून देऊ लागला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला "असा खेळ कर" म्हटले, तर ती खेळ करूनही देते. म्हणजे "सरक, मी करून देतो" म्हणणारा आणखी एक मित्र आपल्याला मिळाला. तोही हुशार आहे, आणि तोही आपल्या हातातला माउस काढून घेऊ शकतो. त्याच्याकडूनही मदत घ्यावी, पण तीन वाक्ये स्वतः लिहून झाल्यावर. "माझी चूक दुरुस्त कर" असे सांगण्याऐवजी "माझी चूक कोठे असेल, ते शोधायला मला मदत कर" असे सांगावे. या दोन वाक्यांत एक संपूर्ण शिक्षण सामावलेले आहे.

तुमच्यापैकी सगळे पुढे संगणकाच्या क्षेत्रात जातील, असे नाही. कोणी दुकान चालवील, कोणी गॅरेज काढील, कोणी डॉक्टर किंवा शिक्षिका होईल. पण चूक झाली तर घाबरायचे नाही, वरपासून एकेक पायरी तपासायची, ही सवय प्रत्येक कामात उपयोगी पडेल. आणि ज्याला स्वतःची चूक स्वतः शोधू दिली जाते, तो दुसऱ्याच्या चुकीला हसत नाही.

म्हणून मित्रांनो, उद्या कोणी तुमच्याकडे अडलेला खेळ घेऊन आला, तर त्याला परत पाठवू नका. त्याच्या शेजारी बसा. त्याला विचारा, ऐका, वाट पाहा. आणि एखाद्या ठोकळ्यापाशी त्याचे बोट थांबले, तर तुम्ही काही बोलू नका. त्या क्षणी तो शिकत असतो.